चांद मिस्त्रीची पश्चिम

सोनईत कुणाला घर बांधायचं असलं की पहिला निरोप चांद मिस्त्रीला जायचा. भटजी, वाळू, विटा हे सगळं त्याच्या मागून. मिस्त्री सकाळी उन्हं वर यायच्या आत मोकळ्या जागेवर जाऊन उभा राहायचा, चपला बाजूला काढायचा, एकदा उगवतीकडं बघायचा आणि खुंटी ठोकायचा. त्या खुंटीला सुतळी बांधली, जमिनीवर फक्कीची रेघ ओढली, की घराचं तोंड कुठं हे कायमचं ठरलं. मग मालकाच्या मेव्हण्यानं कितीही अक्कल पाजळली तरी ती रेघ हलायची नाही.

मिस्त्री मुसलमान आणि बांधायची घरं बहुतेक हिंदूंची. पण चूल आग्नेयेला, देव ईशान्येला, दार शक्यतो पूर्वेला आणि दक्षिणेला तर मुळीच नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. आपल्या लोकांकडं काम असलं की संडासाची बैठक पश्चिमेला नको, झोपताना पाय पश्चिमेला नकोत, हे तो न सांगता बघायचा. त्याचा स्वतःचा यातल्या कशावर किती विश्वास होता, हे त्याच्या बायकोला, शकिलालाही कधी नीट कळलं नाही. तिनं एकदा विचारलं तेव्हा तो विडी विझवत म्हणाला, "मान्सानं कुटंतरी तोंड करून ऱ्हायलं पायजे गं. न्हाईतर निस्तं गरागरा फिरत बसतंय."

गोरक्ष त्याचा जिवाभावाचा मित्र. त्याच्या जागेला रस्ता दक्षिणेकडून. गोरक्षला दार रस्त्यावर हवं होतं आणि त्याची बायको मनकर्णा दक्षिणेच्या दाराचं नाव काढलं की पदर खोचून उभी राहायची. दोघांची चांगलीच जुंपली. काम चालू असेपर्यंत दुपारची भाकरी मनकर्णाच्या हातची होती, त्यामुळं मिस्त्रीनं कुणाची बाजू घेतली असेल हे सांगायला नको. दार पूर्वेला निघालं, ते थेट गोठ्यात. आजही गोरक्षचे पाहुणे दोन म्हशींच्या मधून अंग चोरत घरात शिरतात. गोरक्षनं तेव्हा खूप आदळआपट केली. मिस्त्री म्हणाला, "रस्ता काय, आज हितून हाय, उंद्या तिथून जाईल. उगवत कुटं जात न्हाई."

अशा माणसाची उगवत हरवेल, असं कुणाला सांगून पटलं असतं का? शकिलालाही पटलं नाही. मिस्त्रीनं मारलेली रेघ तिरकी जाऊ लागली तेव्हा हाताखालचे गडी त्याची पाठ वळल्यावर ती गुपचूप सरळ करायचे आणि तिच्या कानावर काही येऊ द्यायचे नाहीत. मग एकदा तो पेठेतून घराकडं निघाला आणि भलत्याच गल्लीत एका कुलूपबंद दारासमोर बसून राहिला. गावानं ठरवलं, मिस्त्रीला चकवा लागला. शकिलानं कुणाच्यातरी सांगण्यावरून त्याच्या उजव्या पायातली चप्पल डाव्या पायात घालून त्याला अंगणात चालवलं. तो बिचारा चालला. हसतहसत चालला, कारण बायको सांगते तर काहीतरी असेल. पण पुढच्या आठवड्यात तो पुन्हा त्याच दारासमोर बसलेला सापडला.

मुलगा आदिल नगरला एमआयडीसीत कामाला. तो येऊन दोघांना मुकुंदनगरच्या आपल्या फ्लॅटवर घेऊन गेला आणि अब्बाला मोठ्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर तरुण होता आणि बोलायला मवाळ होता. त्यानं विचारलं, "बाबा, आज वार कुठला?"

"बाजाराचा," मिस्त्री म्हणाला.

"आपण आत्ता कुठं आहोत?"

"सोनईत. दुसरं कुटं जानार मी?"

"आणि या कोण?"

त्यावर मिस्त्री मोठ्यांदा हसला. "ही व्हय? ही शकिला. हिला कोन इसरंल, डाक्टर?"

डॉक्टरनं नंतर माय-लेकांना बाहेर बोलावलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. या आजारात माणसाचा आधी काळाचा ठाव सुटतो, मग जागेचा आणि शेवटी माणसांचा. औषधानं थोडं सावकाश होईल. गेलेलं परत येणार नाही. जमेल तितकं त्यांच्या अवतीभवती ओळखीचं ठेवा, जागा सारखी बदलू नका. आदिल मान खाली घालून ऐकत होता. शकिलानं मात्र त्यातला एकच शब्द घट्ट धरून ठेवला. शेवटी. मी शेवटी आहे, म्हणजे माझ्यापर्यंत यायला अजून अवकाश आहे. बुडत्या माणसानं काडी धरावी तसा तिनं तो शब्द धरला होता, आणि त्याचा आधार किती, हे तिनं मुद्दामच तपासलं नाही.

फ्लॅटमध्ये मिस्त्रीचे हाल सुरू झाले. मोरी सापडायची नाही. लेंग्याची नाडी हातात धरून तो स्वयंपाकघरात जाऊन उभा राहायचा, आणि सून अफ्रीन तोंड फिरवून बाहेर पळायची. नमाजाची वेळ झाली की आदिल किंवा अफ्रीन त्याची जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, दाराकडं तोंड करून अंथरून द्यायची. तो पढायचा. पण पढून झालं की म्हणायचा, "चला, लई बसलो पाव्हन्याकडं. आता घरी जाऊ." दिवसातून किती वेळा म्हणायचा त्याला गणती नव्हती. शकिला पहिल्यांदा समजवायची, मग चिडायची आणि चिडल्यावर स्वतःच रडायची.

मग तिच्या डोक्यात आलं की त्याला घरी नेता येत नाही ना, तर घर इथं आणू. आदिलनं गोरक्षला फोन केला. गोरक्षनं सोनईच्या घरातली लोखंडी कॉट, पत्र्याची पेटी, माठ आणि माठाची तिवई, भिंतीवरचं गोल घड्याळ, सगळं टेम्पोत घालून पाठवलं. मिस्त्री आत झोपला होता, तेवढ्यात शकिलानं अफ्रीनला हाताशी घेऊन बाहेरची खोली लावली. दारातून आत आलं की उजव्या हाताला कॉट, डाव्या हाताला पेटी, कोपऱ्यात माठ आणि बरोबर समोरच्या भिंतीवर, खिडकीच्या शेजारी, घड्याळ. सोनईत होतं तस्संच. नवऱ्याच्या हाताखाली इतकी वर्षं काढलेली बाई ती. तसूभर फरक ठेवला नाही.

मिस्त्री उठून बाहेर आला. उंबऱ्यात थबकला. कॉटवर बसला, पेटीवरून हात फिरवला, घड्याळाकडं बघितलं आणि लांब श्वास सोडून म्हणाला, "आलो बाबा येकदाचे घरी. लई दिस झालं, हिंडतुयाच आपन." त्या दिवशी तो कुणी न सांगता मोरीत गेला आणि कुणी न आणता परत आला. शकिलाला गड जिंकल्यासारखं वाटलं. तिनं सुनेला सुनावलंसुद्धा, "तुमच्या डॉक्टरला न्हाई जमलं ते मी केलं बघ."

असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची अजान झाली. मिस्त्रीनं स्वतःहून हातपाय, तोंड धुऊन वजू केली, जानमाज उचलली, सरळ घड्याळाखाली नेऊन अंथरली आणि हात बांधून उभा राहिला. चहाचा कप घेऊन आलेली अफ्रीन जागीच थांबली.

"अम्मी," ती हळूच म्हणाली, "किबला तर इकडं हाय ना? दाराकडं?"

नमाज पढायची ती काबाकडं तोंड करून, आणि आपल्या मुलखातून काबा पश्चिमेला. सोनईच्या घराचं दार पूर्वेला, म्हणून समोरची घड्याळाची भिंत पश्चिमेची. या फ्लॅटचं दार होतं पश्चिमेला. घड्याळाची भिंत पूर्वेची. नवऱ्याला घर द्यायच्या नादात शकिलानं त्याची पाठ काबाकडं केली होती. आणि तो तर किती शांत उभा होता! इतके दिवस उसन्या घरात उभा असल्यासारखा पढायचा, आज आपल्या घरात पढत होता. शकिला भिंतीला टेकून खाली बसली.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण घड्याळाशेजारी खिडकी होती आणि तिच्यातून रोज सकाळी ऊन आत यायचं. घड्याळाची भिंत पश्चिम, म्हणजे तिथला सूर्य मावळतीचा. आयुष्यभर सूर्य बघून घरं उभी केलेल्या माणसानं एवढा हिशेब चोख केला. सकाळी सूर्य दिसला की तो मगरिबची, म्हणजे मावळतीची नमाज पढायचा, रात्रीची भाकरी मागायचा आणि डबा घेऊन कामाला निघालेल्या आदिलला अडवायचा, "तिन्हीसांजंचं कुटं चालला रं?" संध्याकाळी सगळे घरी यायचे तेव्हा हा अंगात सदरा चढवून साइटवर निघायला तयार. डॉक्टर म्हणाला होता, आधी काळ जातो. शकिलाला वाटायचं, कुठला जातो, मीच तर तो उलटा टांगला भिंतीवर.

आदिलनं किबल्याचा बाण छापलेला कागद आणून भिंतीवर लावला. मिस्त्रीच्या कानामागची पेन्सिल अजून सुटली नव्हती. त्यानं ती काढली, कागदासमोर उभा राहून भिंत वितीनं मोजली आणि म्हणाला, "कुन्या येड्यानं लावलाय ह्यो? ह्याला काटकोनाचा गुन्या म्हाईत न्हाई, का भिंतीचा वळंबा." कागद काढून त्यानं उलटा चिकटवला आणि आदिलकडं असं बघितलं की आदिलनं पुन्हा बाण आणला नाही.

एका रविवारी त्यांनी घड्याळ, कॉट हलवून खोली पहिल्यासारखी करून पाहिली. मिस्त्री आतून आला आणि त्यानं दाराची चौकट दोन्ही हातांनी धरली. "घर फिरलं," तो ओरडला. "शकिला, घर फिरलं, पोरांना भाईर काढ!" भूकंपात ओरडावं तसा ओरडत होता. त्याचा लेंगा ओला झाला होता आणि ज्याला आजवर बांधकामाच्या परांचीवरून पडल्यावरही कुणी रडताना पाहिलं नव्हतं तो माणूस लहान पोरासारखा हमसत होता. सगळं परत होतं तसं लावल्यावरच त्याच्या पोटात घास गेला.

शकिला मौलानांकडं गेली. मौलाना भला माणूस. म्हणाले, "ज्याला आपण चुकतोय हे कळतच नाही, त्याला अल्लाकडं माफी आहे. त्यांची काळजी करू नका." शकिला उठली आणि जिना उतरता उतरता तिच्या मनात आलं, त्याला माफी आहे. ज्यानं त्याला फिरवलं त्याचं काय? पण परत वर जाऊन विचारायचं तिचं धाडस झालं नाही. त्या दिवसापासून ती स्वतःची नमाज स्वयंपाकघरात पढू लागली, दार लोटून, आपल्याच घरात चोरी केल्यासारखी. त्याच्या देखत दाराकडं तोंड केलं तर तो पुन्हा घाबरेल, ही तिची भीती.

थंडी सरता सरता तिनं हट्टच धरला आणि मिस्त्रीला एसटीनं सोनईला नेलं. घोडेगाव मागे पडल्यावर तो खिडकीतून शेतं बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं असं तिला वाटलं, आणि तेवढ्यावर तिनं मनात सगळा बेत रचला. गोरक्ष किल्ली घेऊन अंगणात उभा होता. त्यानं कुलूप काढलं. आत काहीच नव्हतं. घड्याळ टांगलेल्या जागी भिंतीवर तेवढा गोल उजळ राहिला होता.

मिस्त्री आत गेला. भिंतीवर तळहात फिरवला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, एक डोळा मिटून चौकट बघितली.

"आखनी पक्की हाय," तो गोरक्षला म्हणाला. "मिस्त्री कोन हुता हितं?"

गोरक्षच्या तोंडाला एरवी कुलूप नसतं. तो गोठ्यातल्या त्या दारावरून आजही शिव्या घालायच्या तयारीनं आला होता. तो किल्ली हातात फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "हुता येक. लई आडमुठा हुता."

मिस्त्री हसला. मग अंगणात आला, लिंबाची सावली कुठं पडलीय ते बघितलं, खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि परत आत जाऊन अंथरलं. कुणाला विचारलं नाही. जिथं घड्याळाचा तो उजळ गोल होता, बरोबर तिकडं तोंड. पश्चिमेला. शकिलानं पदराचा बोळा तोंडात कोंबला. म्हणजे ह्याला येतंय! ह्याच्या आत सगळं जागच्या जागी आहे, नुसतं माझ्या त्या खोलीनं झाकून टाकलंय. तिला इतका आनंद झाला की ती मनकर्णाच्या गळ्यात पडून रडली.

नमाज झाली. मिस्त्रीनं उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं.

"चला आता," तो म्हणाला. "परक्याच्या घरात किती येळ बसायचं?"

"अवो, हे आपलंच घर हाय," शकिला म्हणाली. "तुमीच बांधलंय. हितंच आदिल झाला."

"असं कसं? माजं घर मला ठाव न्हाई व्हय? माज्या घरात घड्याळ हाय." तो कावराबावरा होऊन दाराकडं सरकू लागला. "चल गं. ह्या घरची मान्सं काय म्हनतील?"

मनकर्णानं केलेल्या भाकरी तशाच राहिल्या. दुपारच्या गाडीनं दोघं परत नगरला.

जिथं त्याची पश्चिम खरी होती ते घर त्याचं नव्हतं, आणि जे घर त्याचं होतं तिथं पश्चिम खोटी होती. पण एसटीत त्याचं डोकं खांद्यावर घेऊन बसलेल्या शकिलाला आता वाट दिसली होती. घड्याळ त्या उजळ गोलावर परत टांगायचं. कॉट उजवीकडं, पेटी डावीकडं. मग घर आणि पश्चिम एका जागी येतील, सूर्य योग्य खिडकीत येईल आणि दिवसाला दिवस म्हणता येईल.

आदिल ऐकेना. "अम्मी, डॉक्टर काय म्हणाले? जागा सारखी बदलू नका. आणि तिकडं तुम्ही दोघंच. ते बाहेर निघून गेले तर कोण बघणार?"

शकिलानं पोरावर कधी आवाज चढवला नव्हता. तो दिवस निराळा होता. "मी फिरवलंय त्यान्ला," ती म्हणाली. "मीच सरळ करनार. काबाकडं पाठ करून मरू द्यायचं न्हाई मला."

आदिल दोन दिवसांनी कबूल झाला. गोरक्षनं फोनवर सांगितलं की रविवारी टेम्पो घेऊन येतो, आणि भाभी, काळजी करू नका, लागलं तर मी तुमच्या ओट्यावर झोपायला येईन, घरी तसंही म्हशींच्या वासात झोपतो. शकिला कितीतरी महिन्यांनी हसली. शनिवारी दिवसभर ती बांधाबांध करत होती. भांडी गोण्यांत, गोधड्या चादरीत. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाहेरच्या खोलीतलं मात्र तिनं काही हलवलं नव्हतं, ते टेम्पो आल्यावरच काढायचं ठरलं होतं. मिस्त्री कॉटवर बसून तिची लगबग बघत होता.

असरची अजान झाली. मिस्त्रीनं आपली नमाज घड्याळाखाली पढून घेतली आणि तो परत कॉटवर बसला. स्वयंपाकघरात जागा नव्हती. शकिलानं क्षणभर विचार केला. उद्या तर जायचंच आहे, एक दिवस त्यानं पाहिलं तर काय होणार? तिनं डोक्यावरून ओढणी नीट घेतली आणि दाराकडं तोंड करून जानमाज अंथरली.

"बाई," मागून आवाज आला.

तिनं वळून पाहिलं. मिस्त्री उठून उभा राहिला होता. घाबरलेला नव्हता, चिडलेला नव्हता. त्यानं नजर खाली घातली होती, परक्या बाईशी बोलताना तो नेहमी घालायचा तशी. दोन हात अंतर राखून तो अदबीनं उभा होता.

"तुमी नव्या दिसता हितं," तो म्हणाला. "दिशा चुकली तुमची. पश्चिम तिकडं हाय, घड्याळाखाली."

"अवो..." शकिलाच्या तोंडून एवढंच निघालं.

"न्हाई, लाजू नका. नव्या घरात हुतं असं, लोकांचं." त्यानं स्वयंपाकघराकडं मान वळवली, आणि त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "माजी शकिला आत हाय. तिला इचारा पायजे तर. तिला समदं ठाव असतंय."

तो थांबून राहिला, तिचं नीट होईपर्यंत. ती रडू लागली असती तर त्या भल्या माणसानं काय करायचं ते त्याला सुचलं नसतं, म्हणून तिनं रडू गिळलं. खाली वाकली, जानमाज उचलली, फिरवली आणि घड्याळाखाली अंथरली. खिडकीबाहेर पूर्वेचं आभाळ होतं.

"आता बराबर," मिस्त्री म्हणाला, आणि शकिला आतून कधी येते याची वाट बघत कॉटवर बसला.